हाताने लिहिलेली ‘थँक यू’ चिठ्ठी: संशोधन काय सांगतं, काय सांगत नाही

कोल्हापूरला माझी एक मावसबहीण जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देते. ती आणि आणखी चार बायका. लोक कुरिअरने साड्या पाठवतात, बहुतेक वेळा आईच्या नाहीतर आजीच्या, आणि महिना-दीड महिन्याने त्यांची गोधडी परत जाते. गेल्या दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. "अगं, तू हेच शिकतेस ना? मग मला एक सांग. जो तो म्हणतो की पार्सलमध्ये हाताने लिहिलेली थँक यू चिठ्ठी टाक, गिऱ्हाईक परत येतं. माझी साठ पार्सलं आहेत. एका चिठ्ठीला दहा मिनिटं धरली तरी दहा तास झाले. दहा तासांत गोधडीवर किती टाके पडतात माहितीय तुला? त्यापेक्षा प्रेसमधून छापूनच आणते."

मी त्या दिवशी जे उत्तर दिलं त्याची आता जरा लाज वाटते. "हातानेच लिही ताई, फायदा होतो, त्यावर भरपूर संशोधन झालंय," असं ठोकून दिलं. ग्राहकांचं वागणं हाच माझ्या पीएचडीचा विषय, त्यामुळे तिने विश्वास ठेवला आणि चार रात्री जागून साठ चिठ्ठ्या लिहिल्या. त्यानंतर मी ते ‘भरपूर संशोधन’ नीट काढून वाचायला बसले. (हो, क्रम उलटा झाला. माझ्या गाइडना हे सांगितलेलं नाही.)

वाचताना पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की आपण एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न विचारत असतो. चिठ्ठी मिळालेल्या माणसाला बरं वाटतं का, हा एक. आणि त्यामुळे धंदा वाढतो का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे. दुसऱ्याचं उत्तर ज्या आत्मविश्वासाने लोक देतात, आणि मीही दिलं, तेवढं पक्कं अजिबात नाही.

लिहिणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा जास्त

पहिल्या प्रश्नावरचा माझा सगळ्यात आवडता शोधनिबंध अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा, २०१८ साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये आलेला. प्रयोगाची मांडणी अगदी साधी. लोकांना सांगितलं की तुमच्या आयुष्यात ज्याचे उपकार आहेत अशा एका माणसाला आभाराचं पत्र लिहा. लिहून झाल्यावर त्यांना अंदाज करायला लावले: पत्र पाहून त्या माणसाला किती आश्चर्य वाटेल? किती आनंद होईल? आणि किती अवघडल्यासारखं होईल? मग पत्र ज्यांना मिळालं त्यांना जाऊन हेच प्रश्न विचारले आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली.

लिहिणाऱ्यांचे अंदाज सगळ्या बाबतीत एकाच दिशेने चुकले होते. समोरच्याला त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं, जास्त आनंद झाला, आणि अवघडलेपण मात्र अंदाजापेक्षा कमी निघालं.

असं का होतं? कुमार आणि एप्ली यांचं म्हणणं असं की लिहिणारा आणि वाचणारा वेगवेगळ्या ठिकाणी बघत असतात. लिहिणाऱ्याच्या डोक्यात सगळा वेळ ‘मला नीट जमेल का’ हे चालू असतं. योग्य शब्द सापडतील का, बावळटासारखं तर दिसणार नाही ना. वाचणाऱ्याला शब्दांशी तेवढं देणंघेणं नसतं. त्याला दिसते ती आपुलकी. बरं, आपले अंदाज असे पडेल असले की आपण लिहायचंच टाळतो, कारण ‘काय उपयोग, उगाच ऑकवर्ड व्हायचं’.

ताईचंही पहिलं रडगाणं हेच होतं. "माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आणि मला असं छान-छान लिहिता येत नाही." या शोधनिबंधाच्या आधारावर तिला एवढं तरी छातीठोकपणे सांगता येतं की त्याची काळजी तुझी तूच करतेयस, गिऱ्हाईक करत नाही.

पण थांबा. त्या प्रयोगांत पत्रं कोणाला गेली होती? आई-वडील, मित्र, शिक्षक, जुने सहकारी. म्हणजे आधीपासून नातं असलेली माणसं. आणि ती गेली होती प्रामुख्याने ई-मेलने! म्हणजे ‘आभार माना’ याला हा भक्कम पुरावा झाला, ‘हाताने लिहा’ याला नाही, आणि ‘गिऱ्हाइकाला लिहा’ याला तर नाहीच. व्यवसायाच्या सल्ल्यांमध्ये हा शोधनिबंध सर्रास वापरला जातो आणि हा फरक कोणी सांगत नाही. मीही ताईला सांगितला नव्हता.

मग हाताने लिहिण्याचं काय?

इथे रँडी गार्नर यांचा २००५ चा एक गमतीदार प्रयोग उपयोगी पडतो. प्राध्यापकांना एक सर्वेक्षण भरायला पाठवलं. प्राध्यापकांकडून काही भरून घेणं किती अवघड असतं ते प्रत्येक पीएचडीवाल्याला माहीत आहे, त्यामुळे परीक्षा कडकच म्हणायची. एका गटाला नुसतं छापील पत्र आणि सर्वेक्षण. दुसऱ्या गटाला त्याच पत्रावर हाताने लिहिलेली विनंती. तिसऱ्या गटाला तीच विनंती, पण पिवळ्या चिकटचिठ्ठीवर, म्हणजे पोस्ट-इटवर लिहून वर चिकटवलेली. सर्वेक्षण भरून परत आलं ते असं: पहिल्या गटात ३६ टक्के, दुसऱ्यात ४८ टक्के, तिसऱ्यात ७६ टक्के.

आता कोणी म्हणेल, पिवळ्या कागदाकडे लक्ष जातं म्हणून झालं असेल. गार्नर यांनाही ती शंका आली. त्यांनी पुढच्या प्रयोगात एका गटाला कोरी पिवळी चिठ्ठी चिकटवून पाठवली. तिथे ४३ टक्के आले, लिहिलेल्या चिठ्ठीला ६९ टक्के आणि काहीच नसलेल्या गटात ३४ टक्के. म्हणजे नुसता पिवळा रंग फारसं काही करत नव्हता.

माझं लक्ष मात्र ४८ आणि ७६ मधल्या फरकाकडे जातं. दोन्ही ठिकाणी हातानेच लिहिलंय, मजकूर तोच आहे. मग २८ टक्क्यांचा फरक कुठून आला? गार्नर यांचा खुलासा असा की चिकटचिठ्ठी ही कुणीतरी वैयक्तिक माझ्याकडे केलेल्या विनंतीसारखी वाटते. ‘या माणसाने माझ्यासाठी म्हणून काहीतरी वेगळं केलं.’ म्हणजे अक्षर हा फक्त पुरावा आहे, आणि पुरावा कशाचा, तर कुणीतरी माझ्यासाठी वेळ घालवल्याचा.

वेळ आणि कष्ट दिसले की आपण वस्तूची किंमत जास्त लावतो, यावर जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांचं २००४ चं काम आहे. एकच कविता दोन गटांना वाचायला दिली. एकाला सांगितलं, कवीला ही लिहायला ४ तास लागले. दुसऱ्याला सांगितलं, १८ तास. कविता अक्षर न् अक्षर तीच, पण अठरा तासवाल्यांना ती जास्त चांगली वाटली. चांगलं काय आणि वाईट काय हे ठरवणं अवघड असतं तेव्हा आपण ‘किती राबलाय’ हे मोजमाप वापरतो.

यातून एक अडचणीचा प्रश्न निघतो: कष्ट दिसणं महत्त्वाचं, का कष्ट होणं? अमेरिकेत आता खरं पेन धरून लिहिणारी यंत्रं आहेत. तुम्ही मजकूर आणि पत्त्यांची यादी द्यायची, यंत्र हजारो चिठ्ठ्या ‘हाताने’ लिहितं. आणि २०१८ साली श्रोल, श्नूर आणि ग्रेवाल यांनी दाखवलं की नुसता हस्ताक्षरासारखा दिसणारा छापील फॉन्ट वापरला तरी लोकांना वस्तूमागे माणूस असल्यासारखं वाटतं आणि वस्तू जास्त आवडते. अट एवढीच की वस्तू मनाला आनंद देणारी हवी. निव्वळ उपयोगाच्या वस्तूला तो फॉन्ट फारसा कामी येत नाही. सोप्या भाषेत, गोधडीला चालेल, सिमेंटच्या पोत्याला नाही.

म्हणजे ताईचा प्रेसमध्ये जायचा विचार अगदीच टाकाऊ नव्हता. मला वैयक्तिक विचाराल तर छापील कार्ड छापील म्हणून द्यायला काहीच हरकत नाही, पण छापून हाताचं असल्याचं भासवणं हा फसवणुकीचाच प्रकार आहे, आणि ज्या दिवशी गिऱ्हाइकाच्या बहिणीला हुबेहूब तीच चिठ्ठी येईल त्या दिवशी तो उघडाही पडेल.

आता धंद्याचं बोलू

इथून पुढे पुरावा दोन बाजूंना जायला लागतो.

आधी चांगली बातमी. १९९५ साली ब्रूस रिंड आणि प्रशांत बोर्डिया यांनी अमेरिकेतल्या एका रेस्टॉरंटमध्ये प्रयोग केला. वेट्रेसने काही टेबलांच्या बिलामागे काहीच लिहिलं नाही, काहींवर ‘थँक यू’ लिहिलं, आणि काहींवर ‘थँक यू’ आणि खाली स्वतःचं नाव. ‘थँक यू’ लिहिल्यावर टिपेचं प्रमाण वाढलं. नाव लिहिण्याने त्यात आणखी भर पडली नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी बिलामागे हसरा चेहरा काढून पाहिला: वेट्रेसने काढला तर टिप वाढली, पुरुष वेटरने काढला तर वाढली नाही. (यावर वेगळा लेख लिहिता येईल आणि तो फार आनंदाचा नसेल.)

त्याहून जुना एक प्रयोग १९७६ चा, ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मधला, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एका सराफी दुकानाने आपल्या गिऱ्हाइकांचे तीन गट केले. एका गटाला फोन करून फक्त आभार मानले. दुसऱ्या गटाचे आभार मानले आणि त्याच फोनवर सेलचीही माहिती दिली. तिसऱ्या गटाला फोनच नाही. पुढच्या काळात खरेदी सगळ्यात जास्त वाढली ती ज्यांचे फक्त आभार मानले त्यांची. ज्यांना सूट सांगितली होती त्यांची त्याहून कमी! फोन न केलेल्यांची वाढली नाही.

सूट मिळत असून माणूस कमी का खरेदी करेल? याची चावी फ्रीस्टॅड आणि राइट यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या एका कल्पनेत सापडते. ग्राहकाला ‘पटवणं’ म्हणजे काय असतं याचं ज्ञान असतं आणि तो ते सतत वापरत असतो. ‘ताई, तुमच्यासाठी म्हणून सांगतो’ हे वाक्य ऐकलं की आपला हात आपोआप पर्सवर जातो, तो पैसे काढायला नव्हे, पर्स घट्ट धरायला. आभारांच्या शेपटीला सेल बांधला की आधीच्या आभारांचा अर्थही मागे जाऊन बदलतो. अच्छा, यासाठी फोन केला होता होय.

हे वाचून मला ताईच्या चिठ्ठ्यांची आठवण झाली आणि मी तिला फोटो मागितले. चिठ्ठीच्या मागे शिक्का होता: ‘पुढील ऑर्डरवर १० टक्के सूट’. माझ्या सल्ल्याशिवाय मारलेला, पण मीही काही वेगळं सांगितलं असतं असं नाही.

आणि आता वाईट बातमी. अन्या सामेक आणि चक लाँगफिल्ड यांनी अमेरिकेत देणगीदारांवर एक प्रचंड प्रयोग केला. सहाएक वर्षं, पाच लाखांहून जास्त देणगीदार. सार्वजनिक टीव्ही स्टेशनं आणि एक राष्ट्रीय पातळीवरची संस्था यांना पहिल्यांदाच देणगी देणाऱ्यांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकून निवडावं तसं निवडून, आभाराचा फोन केला. बाकीच्यांना केला नाही. मग पुढच्या वर्षी कोण परत देणगी देतं ते पाहिलं. देणग्या गोळा करण्याचाच व्यवसाय असलेल्या अनुभवी लोकांना आधी अंदाज विचारला होता, आणि त्यांची खात्री होती की फोनमुळे देणग्या भरपूर वाढतील.

परिणाम शून्य. दोन्ही गटांनी जवळजवळ सारख्याच देणग्या दिल्या. आणि इतक्या मोठ्या प्रयोगात शून्य येतं तेव्हा ‘आकडे कमी पडले असतील’ ही पळवाट राहत नाही. हा निबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

एका सराफी दुकानाचा एक प्रयोग, आणि पाच लाख लोकांचा दुसरा. मी दुसऱ्यावर जास्त विश्वास ठेवते. एक कारण आकार. दुसरं कारण आमच्या क्षेत्राचं जुनं दुखणं: छोट्या प्रयोगात काही ‘सापडलं’ तर ते छापून येतं, नाही सापडलं तर टेबलाच्या खणात राहतं. त्यामुळे छापून आलेल्या छोट्या प्रयोगांची सरासरी नेहमी जरा जास्तच गोड असते.

पण दोन्ही प्रयोग एकाच गोष्टीबद्दल आहेत का, हाही प्रश्न आहे. टिप म्हणजे दोन मिनिटांत, त्याच टेबलावर व्हायचा व्यवहार. देणगी म्हणजे वर्षभराने घ्यायचा निर्णय. फोन करणारा माणूस देणगीदाराला ओळखत नाही, तो ठरलेलं वाक्य बोलतो आणि पुढचा नंबर लावतो. ताई ज्या बाईला लिहिते तिच्या आईच्या सहा साड्या तिने महिनाभर मांडीवर घेतलेल्या असतात. त्यामुळे सामेक-लाँगफिल्ड यांचा शून्य ताईला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मला मान्य. मात्र ‘आभार मानले की गिऱ्हाईक परत येतंच’ हे वाक्य आता माझ्या तोंडून निघणार नाही.

आपण मुळात थँक यू म्हणतो का?

वरचे बहुतेक प्रयोग अमेरिकेतले आहेत, आणि तिथे थँक यू श्वासासारखं बाहेर पडतं. आपल्याकडे आई ताट वाढते तेव्हा कोण तिला धन्यवाद म्हणतं? म्हटलं तर ती विचारेल, बरा आहेस ना? मित्राचे आभार मानले की तो म्हणतो, "परकं करतोस का?" आणि जिथे आपण आभार मानतो, म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शनाला, तिथे वक्ता हटकून सांगतो की मी आभार मानून मोकळा होणार नाही, मला आपल्या ऋणातच राहायला आवडेल. तेव्हा अर्धा हॉल चपला शोधत असतो हा भाग वेगळा.

हे फक्त आपलंच नाही. सिमियन फ्लॉइड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पाच खंडांतल्या आठ भाषांमधली रोजची घरगुती बोलणी तपासली. कुणी काही मागितलं आणि दुसऱ्याने ते दिलं, तर शब्दांत आभार किती वेळा मानले जातात? सरासरी शंभरात पाच-सहा वेळा. इंग्रजी आणि इटालियन वरच्या टोकाला होत्या, तिथे साधारण सातात एकदा. इक्वेडोरमधल्या चापाला भाषेत एकदाही नाही. म्हणजे सतत थँक यू म्हणणारेच जगात अपवाद निघाले. आठांत मराठी नव्हती, पण आपला नंबर कुठे लागेल याचा अंदाज तुम्ही करू शकता. अर्जुन अप्पादुराई यांनी तर १९८५ मध्येच तमिळ समाजाबद्दल लिहिताना दाखवलं होतं की तिथे कृतज्ञता शब्दांपेक्षा परतफेडीतून आणि वागण्यातून जास्त व्यक्त होते.

याचा ताईच्या चिठ्ठीशी संबंध असा: मराठीत ‘मनःपूर्वक आभार’ लिहिलं की ते चटकन निमंत्रणपत्रिकेच्या भाषेत जातं. हाताने लिहिलेलं असूनही छापील वाटतं. पण पत्राची भाषा आपल्याकडे आहे, आणि ती जुनी, ऐसपैस आहे. ‘साड्या पोचल्या’, ‘काळजी नसावी’, ‘लोभ आहेच, तो वाढावा’. यात आभार हा शब्द कुठेच नाही आणि कुणाला त्याची उणीवही भासत नाही.

मजकुरात काय असावं यावर सारा अल्गो आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास आहे, जोडप्यांवरचा. एकाने दुसऱ्याचे आभार मानायचे, आणि ते कसे मानले हे संशोधकांनी बारकाईने नोंदवलं. आभारांत दोन धागे निघाले. एक, ‘मला किती फायदा झाला, मला किती बरं वाटलं’. दुसरा, ‘तू किती मनापासून केलंस, तुझं हे नेहमीचंच आहे’. ऐकणाऱ्याला जे भिडत होतं ते दुसऱ्या धाग्याचं. पहिल्या धाग्याने तसा फरक पडला नाही. आभार मानताना आपण स्वतःबद्दलच बोलत राहतो, हा त्यातला पेच.

पुन्हा ताईच्या फोटोंकडे. तिने मला सात-आठ चिठ्ठ्यांचे फोटो पाठवले होते. बहुतेकांवर एकच मजकूर: ‘आमच्या छोट्याशा व्यवसायाला साथ दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. असाच लोभ असू द्यावा.’ आमचा व्यवसाय, आमचे आभार, आमच्यावरचा लोभ. एक मात्र वेगळी होती. एका बाईंनी साड्या पाठवताना प्रत्येक साडीला टाचणीने कागद लावला होता: ही बारशाची, ही धाकट्या मावशीच्या लग्नाची, ही आई शाळेत नेसून जायची. ताईने त्यांना लिहिलं होतं, ‘तुम्ही कागद लावलेत म्हणून कुठली साडी कुठे घ्यायची ते कळलं. शाळेची इरकल मधोमध घेतलीय, रोज हाताखाली येईल अशी. इतकं जपून कुणी पाठवत नाही.’

त्या बाईंचा फोन आला. पंधरा मिनिटं बोलल्या, म्हणे, त्यातली निम्मी रडण्यात गेली. साठांपैकी एक फोन हा काही पुरावा नव्हे, आणि गोधडी बघूनही रडू आलं असेल. तरी ती चिठ्ठी अल्गो यांच्या निबंधाशेजारी ठेवून बघावीशी वाटते.

मग किती जण परत आले?

गुढीपाडव्याच्या सुमाराला ताईने वही उघडून मला सांगितलं की साठांपैकी सात जणांनी पुन्हा ऑर्डर दिली. "हे चांगलं का वाईट?" सांगता येत नाही. चिठ्ठी सगळ्यांनाच गेली होती, त्यामुळे चिठ्ठी न मिळालेल्यांपैकी किती आले असते हे कळायला मार्गच नाही. यालाच आम्ही कंट्रोल ग्रुप नसणं म्हणतो.

मग तिने विचारलं, यंदा नाणं उडवून निम्म्यांनाच चिठ्ठी दिली तर? प्रयोग म्हणून मांडणी अचूक. पण आकडा पुरत नाही. समजा, चिठ्ठीशिवाय शंभरातले २० परत येतात आणि चिठ्ठीमुळे २५ येतात. धंद्याच्या दृष्टीने ही मोठीच वाढ. पण एवढा फरक नशिबाच्या खेळातून वेगळा काढून खात्रीने दाखवायचा तर प्रत्येक गटात साधारण अकराशे गिऱ्हाइकं लागतात. तिच्याकडे तीस-तीस आहेत. तीसमधले सहा आले की आठ, हा फरक नाणंसुद्धा सहज पाडून दाखवेल. छोट्या धंद्यात ‘मी करून पाहिलं, चाललं’ असं जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा या नाण्याबद्दलचं असतं.

बोलता बोलता ताईनेच खरी गोम काढली. "अगं, पण आईच्या साड्या एकदाच असतात. परत येऊन तो माणूस काय आणणार?" मी चार महिने ‘पुन्हा खरेदी’वरचे शोधनिबंध वाचत होते आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. तिचं नवं गिऱ्हाईक येतं ते जुन्याच्या घरी गोधडी बघून. मोजायचं असेल तर ते मोजायला हवं.

तर या दिवाळीसाठी तिने असं ठरवलंय. सगळ्या पार्सलांत एक छापील कार्ड जाईल, सरळ छापील दिसणारं: गोधडी कशी धुवायची, उन्हात किती वेळ ठेवायची, टाका उसवला तर काय करायचं. ज्या साड्यांबद्दल काही सांगण्यासारखं असेल त्याच कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती हाताने दोन-तीन ओळी लिहील. तिच्या मते साठात पंधरा-वीस अशा निघतात. बाकीच्यांना उगाच लिहायचं नाही. सुटीचा शिक्का बंद. आणि ऑर्डरच्या वहीत तिने एक नवा रकाना आखलाय, ‘कुणाकडे पाहिली?’

परवा फोटो आला. रकान्यात पहिलं नाव पडलंय, आणि ते टाचणीने कागद लावणाऱ्या बाईंचं नाही. ज्यांचं आहे त्यांना कोणती चिठ्ठी गेली होती, ते आता ताईला आठवत नाही.